'सर्फिन सफारी'ची मोनो एलपी: बुरशी, मंद फिरणारं टर्नटेबल आणि कोकणातला पावसाळा

आरे-वारे (रत्नागिरी)

बीच बॉइज या अमेरिकन बँडची पहिली एलपी (लाँग-प्ले तबकडी) 'सर्फिन सफारी' अमेरिकेतल्या नातेवाइकांकडून टर्नटेबलसकट आली आहे. कव्हरवर टी-१८०८ हा क्रमांक आहे. लेबल काळं, कडेला इंद्रधनुषी पट्टा, कॅपिटॉल या रेकॉर्ड कंपनीचा लोगो वर. ओरखडे फारसे नाहीत, पण पहिल्या बाजूवर पांढरट, धुरकट ठिपके आहेत, त्यातही बाहेरच्या दोन गाण्यांवर जास्त. आतली कागदी पिशवी तपकिरी डागांनी भरली आहे आणि तिला कुबट वास येतो.

टर्नटेबल बेल्टवर चालणारं आहे. मागे १२० व्होल्ट, ६० हर्ट्झ असं लिहिलंय. २३० चे ११० करणारा ट्रान्सफॉर्मर लावला आहे. प्लॅटर फिरतं, पण सगळी गाणी संथ वाजतात आणि आवाज जाडे येतात. व्होल्टेज कमी पडतंय का?

आणखी दोन शंका. सर्फ संगीत म्हटल्यावर गिटारचा जो ओला, घुमणारा आवाज अपेक्षित असतो तो इथे जवळजवळ नाहीच. सुई गेली आहे की बुरशीने आवाज दबलाय? आणि याच एलपीची 'स्टिरिओ' प्रत विकायला आहे, किंमत बरीच जास्त आहे. ती घ्यावी का?

घर चिरेबंदी, समुद्र जवळ. मिरग तोंडावर आलाय, म्हणून साठवणीबद्दलही सांगा.

लेथवाला (कुडाळ)

आधी वेगाचं बघू. तो बरोबर झाल्याशिवाय आवाजाबद्दल काहीच ठरवता येणार नाही.

व्होल्टेजचा यात संबंध नाही. बेल्टच्या जुन्या टर्नटेबलात बहुधा सिंक्रोनस मोटर असते आणि तिचा वेग विजेच्या फ्रिक्वेन्सीवर ठरतो. ट्रान्सफॉर्मर व्होल्टेज उतरवतो, फ्रिक्वेन्सी बदलत नाही. अमेरिकेत ६० हर्ट्झ, आपल्याकडे ५०. म्हणजे ३३⅓ च्या जागी मिनिटाला २७.८ फेरे होतात आणि सूर तीन सेमीटोनांहून (अर्ध्या स्वरांहून) थोडा जास्त खाली येतो. संथ गाणी आणि जाडे आवाज, दोन्हीचं कारण हेच.

खात्रीसाठी फोनमधलं अ‍ॅप लागत नाही. प्लॅटरच्या कडेला कागदाचा लहान तुकडा चिकटवा, घड्याळ लावा आणि १०० फेरे मोजा. बरोबर वेग असेल तर नेमकी ३ मिनिटं लागतात. ६० हर्ट्झची पुली ५० वर फिरत असेल तर ३ मिनिटं ३६ सेकंद लागतील. स्ट्रोब डिस्क (वेग तपासायची रेघांची चकती) वापरणार असाल तर ५० हर्ट्झची घ्या, तिच्यात ३३⅓ साठी १८० रेघा असतात, अमेरिकन डिस्कमध्ये २१६. ती साध्या पिवळ्या बल्बखाली किंवा निऑनच्या इंडिकेटरखाली बघा. बहुतेक एलईडी दिव्यांखाली रेघा स्थिर दिसतच नाहीत आणि माणूस उगीच गोंधळतो.

मोजणी ३:३६ च्या आसपास आली तर मोटरवर ५० हर्ट्झची मोठी पुली हवी. प्लॅटर उचलून आधी खाली बघा. काही कंपन्या दोन्ही पुल्या द्यायच्या आणि दुसरी आतच स्क्रूने लावलेली असायची. ती नसेल आणि त्या मॉडेलची तयार पुली मिळत नसेल, तर लेथवर करून घेता येते. पण त्याआधी मोजणी सांगा. फरक वेगळाच निघाला तर मोटर डीसी असण्याची शक्यता आहे आणि मग उपाय वेगळा.

एक नक्की करा. बेल्ट ताणून किंवा मोटरच्या खुंटीला टेप गुंडाळून वेग वाढवू नका. टेपचा जोड प्रत्येक फेऱ्याला ठोका देतो आणि लांब स्वरात तो थरथरत ऐकू येतो. बीच बॉइजच्या एकत्र सुरांमध्ये हे फार बोचतं.

तबकडीवाला (अलिबाग)

तुमच्याकडे आहे तीच प्रत घ्यायची असते. ती जपा, 'स्टिरिओ'च्या मागे लागू नका.

ही एलपी ऑक्टोबर १९६२ मध्ये आली. टी म्हणजे मोनो, दोन्ही स्पीकरांतून एकच आवाज. विकायला आहे त्या प्रतीवर डीटी-१८०८ लिहिलेलं असणार आणि वरच्या पट्टीवर ड्युओफोनिक हा शब्द. ते खरं स्टिरिओ नाही. कॅपिटॉल मोनो टेप घ्यायची, एका चॅनेलमध्ये खालचे सूर ठेवायची, दुसऱ्यात वरचे, आणि एक चॅनेल काही मिलिसेकंद मागे सरकवायची. त्यातून रुंदी भासते, पण गाणाऱ्यांचा मधला घट्ट गोळा विस्कटतो. ही प्रक्रिया तबकडीत कोरलेली असल्यामुळे घरी ती उलटवता येत नाही. दोन चॅनेल पुन्हा एकत्र केले तर त्या मिलिसेकंदांच्या फरकामुळे ठरावीक सूर एकमेकांना खातात आणि आवाज पोकळ होतो. बीच बॉइजची खऱ्या स्टिरिओतली पहिली एलपी १९६३ ची दुसरी, 'सर्फिन यूएसए'. पहिलीसाठी जास्त पैसे मोजून डीटी घेणं म्हणजे जास्त पैसे देऊन कमी घेणं आहे.

स्वतःची प्रत तपासायची असेल तर फक्त कव्हरवर विश्वास ठेवू नका, कव्हरं बदलली जातात. लेबलाजवळच्या रिकाम्या, गुळगुळीत भागात तिरका टॉर्च मारा. पहिल्या बाजूला टी१-१८०८ आणि दुसऱ्या बाजूला टी२-१८०८ असं कोरलेलं दिसेल, पुढे कटिंगचा एखादा अक्षर-आकडा. तिथेच छोटी खूण असते. त्रिकोणात आयएएम ही अक्षरं म्हणजे स्क्रँटनच्या कारखान्यात दाबलेली, लहान तारा म्हणजे लॉस एंजेलिसची. आवाजाच्या दृष्टीने यातली अमुकच चांगली असं मी म्हणणार नाही. सहा दशकं ती कुठे राहिली याने जास्त फरक पडतो.

कोरड्या आवाजाबद्दल: सुईचा दोष धरायची घाई नको. ही एलपी मुळातच कोरडी आहे. फेंडर कंपनीचं वेगळं रिव्हर्ब (आवाज घुमवणारं) युनिट १९६१ मध्ये बाजारात आलं आणि वाद्यप्रधान सर्फ बँडांनी ते उचलून धरलं. बीच बॉइजचा भर गळ्यांवर. ओली गिटारच हवी असेल तर शँटेजची १९६३ ची 'पाइपलाइन' ही पहिली एलपी ऐका, किंवा कोलोरॅडोच्या अ‍ॅस्ट्रोनॉट्सची त्याच वर्षीची पहिली एलपी. समुद्रापासून इतक्या दूरच्या त्या मुलांनी रिव्हर्ब सगळ्यांत सढळ हाताने वापरला आहे.

शिवाय या एलपीत सगळी गाणी एकाच स्टुडिओतली नाहीत. पहिल्या बाजूचं पहिलं गाणं, म्हणजे शीर्षकगीत, आणि त्याच बाजूचं शेवटचं '४०९' ही एप्रिल १९६२ मध्ये वेस्टर्न स्टुडिओत झालेली, तीच टेप ऐकून कॅपिटॉलच्या निक व्हेनेटने बँडला कंपनीत घेतलं. बाकीची बहुतेक त्याच वर्षी ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये कॅपिटॉल टॉवरमध्ये झाली. दुसऱ्या बाजूचं पहिलं गाणं 'सर्फिन' मात्र १९६१ चं, कँडिक्स या छोट्या रेकॉर्ड कंपनीकडून आलेलं: अकूस्टिक गिटार, उभा बास आणि नावापुरता ड्रम. ते इतरांपेक्षा किडकिडीत वाजतं. तिथे सुई बदलायला धावू नका, टेपच तशी आहे.

रोज वाजवायला वेगळी प्रत हवी असेल तर अ‍ॅनालॉग प्रॉडक्शन्सची २०० ग्रॅमची मोनो आवृत्ती बघा. तीही मोनोच आहे, आणि ते योग्यच आहे. बाहेरून मागवताना तबकडी कव्हरच्या बाहेर ठेवून पॅक करायला सांगा, नाहीतर धक्क्याने कव्हरची शिवण फाटते.

चिरेबंदी (देवगड)

बुरशीबद्दल सविस्तर लिहितो, कारण कोकणात ओरखड्यांपेक्षा हीच जास्त एलपी मारते.

पहिली गोष्ट, ती तबकडी आता वाजवू नका. सुई बुरशीचा लगदा खाचेत ढकलत जाते आणि दोन गाण्यांत सुईच्या टोकाला गाठ जमते. मग सुई खाचेच्या भिंतींना नीट टेकत नाही, 'स' आणि 'श' फाटतात. माणसाला वाटतं तबकडी झिजली.

दुसरी, कोरड्या ब्रशने झाडू नका. बीजं हवेत उडतात आणि बाकीच्या एलपींवर बसतात. काम पडवीत किंवा अंगणात करा, एन-९५ मास्क घाला आणि बाकीचा संग्रह त्या खोलीत नको.

मिश्रण: डिस्टिल्ड पाणी ३ भाग, आयसोप्रोपिल अल्कोहोल १ भाग, आणि लिटरमागे फोटोग्राफीत वापरतात त्या वेटिंग एजंटचे चार-पाच थेंब. वेटिंग एजंटशिवाय पाणी थेंब धरून वरच राहतं, खाचेच्या तळाशी उतरत नाही. विहिरीचं किंवा बोअरचं पाणी अजिबात नको. किनाऱ्यालगतच्या पाण्यात क्षार असतात आणि वाळल्यावर ते खाचेतच राहतात. पेट्रोल पंपावरचं 'बॅटरीचं पाणी' घेत असाल तर बाटली नीट वाचा. शेजारीच अ‍ॅसिडच्या बाटल्या असतात. केमिस्टकडचं डिस्टिल्ड वॉटर सरळ पडतं.

हे मिश्रण फक्त विनाइलसाठी. घरात ७८ फेऱ्यांच्या, लाखेच्या तबकड्या असतील तर त्यांना अल्कोहोलचा थेंबही लावू नका, लाख विरघळते. थिनर, अ‍ॅसिटोन, पेट्रोल यांनी विनाइलही बरबाद होतं. भांड्यांच्या साबणाचा सुगंध आणि रंग खाचेत राहतो.

आता कृती. तबकडी स्वच्छ रबरी मॅटवर ठेवा, जुन्या टर्नटेबलचं प्लॅटर चालेल, वाजवायचं नको. लेबल कागदी आहे, रंग सुटतो, म्हणून त्यावर त्याच मापाची प्लॅस्टिकची चकती दाबून धरा. मिश्रण खाचांवर सोडा, साधारण १० मिली एका बाजूला पुरतं. दोन-तीन मिनिटं भिजू द्या. वाळायला लागलं तर आणखी टाका, कारण अर्धवट वाळलेली घाण पहिल्यापेक्षा घट्ट बसते. मग मऊ, बारीक केसांचा ब्रश खाचांच्या दिशेने गोल फिरवा, आठ-दहा फेरे एका दिशेने, तितकेच उलट. आडवं घासायचं नाही. लिंट न सोडणाऱ्या मायक्रोफायबरने टिपून घ्या, शक्य असेल तर व्हॅक्युमने ओढून घ्या. हेच पुन्हा एकदा, दुसऱ्या कापडाने. शेवटी नुसतं डिस्टिल्ड पाणी दोनदा. हा धुण्याचा टप्पा लोक गाळतात आणि मग पहिल्याच वाजवणीला सुईवर पांढरी पावडर येते. ती बुरशी नसते, मिश्रणाचा उरलेला थर असतो.

वाळवायला ताटाळ्यात किंवा रॅकमध्ये उभी ठेवा, तासभर तरी. पंखा नको, धूळ बसते. ऊन तर मुळीच नको, साठ अंशांच्या आसपास विनाइल मऊ पडतं आणि पत्र्याखाली ते सहज गाठलं जातं. हवा फार दमट असेल तर तासाचे चार तास होतात, होऊ द्या.

ठिपके गेल्यावरही काही जागी खरखर उरू शकते. बुरशी वर्षानुवर्षं एकाच जागी असेल तर पृष्ठभागावरच खूण राहते. तिथे तिसऱ्या-चौथ्यांदा घासून काही मिळत नाही.

जुनी कागदी पिशवी फेकून द्या. कॅपिटॉलच्या जाहिरातींची छापील पिशवी असेल आणि ठेवायचीच असेल तर वेगळ्या झिप पाकिटात, तबकडीपासून दूर. तबकडीला नवी एचडीपीई प्लॅस्टिकची अँटिस्टॅटिक पिशवी. कव्हरवर पाण्याचा हात नको. त्या काळच्या या कव्हरांवर छापलेला कागद पुठ्ठ्याला चिकटवलेला असतो, ओल लागली की फुगतो. कोरड्या दिवशी बाहेर, मास्क घालून, मऊ ब्रशने झाडा. उरलेल्या डागावर जवळजवळ कोरडा, अल्कोहोलचा बोळा आधी एका कोपऱ्यात लावून बघा, शाई सुटली तर तिथेच थांबा.

समुद्रफेन (वेंगुर्ला)

@चिरेबंदी, एवढ्या खटाटोपाऐवजी फेविकॉल ओतून, वाळल्यावर सोलून काढायची पद्धत का नाही सांगितली? धूळ, बुरशी सगळं एका पापुद्र्यात निघतं.

चिरेबंदी (देवगड)

@समुद्रफेन, मिरगापासून गणपतीपर्यंत ती इथे करूच नका. पांढरा गोंद पाणी सोडून वाळतो. हवेत ८५-९० टक्के आर्द्रता असताना वरची कातडी वाळते, खाचेतला भाग चिकट राहतो. सोलताना तो तुटून आतच बसतो आणि मग पाण्याने सुटत नाही. डिसेंबर-जानेवारीत कोरड्या हवेत, जाड थर देऊन जमतं, पण थर लेबलाला किंवा बाहेरच्या काठाला लागला की पापुद्रा फाटतो. साठ वर्षांच्या एलपीवर हा प्रयोग नको असं माझं स्पष्ट मत आहे. शिकायचं असेल तर टाकाऊ तबकडी घ्या.

समुद्रफेन (वेंगुर्ला)

पटलं. मग वाजवण्याच्या बाजूबद्दल मी लिहिते.

मोनो तबकडीत संगीत फक्त आडव्या हालचालीत असतं. स्टिरिओ काट्रिज (सुई जिच्यात बसते ती डबी) उभी हालचालही वाचतं, आणि मोनो एलपीत त्या उभ्या हालचालीत नुसता नको असलेला आवाज असतो: धूळ, बुरशीच्या खुणा, मोटरची घरघर. दोन चॅनेल एकत्र केले की हा उभा भाग एकमेकांना रद्द करतो. अ‍ॅम्पवर मोनोचं बटण असेल तर ते दाबा, काम झालं. नसेल तर दोन 'वाय' वायरी लागतात: एकीत दोन आरसीए पिना एकत्र येतात, दुसरीत एकाचे पुन्हा दोन होतात. त्या टर्नटेबल आणि फोनो प्रीअ‍ॅम्प (सुईचा क्षीण सिग्नल वाढवणारा भाग) यांच्या मध्ये लावा. प्रीअ‍ॅम्पच्या नंतर लावल्या तर त्याची दोन आउटपुटं एकमेकांवर भार टाकतात, ते बरं नाही. टर्नटेबलातच प्रीअ‍ॅम्प असेल तर तो बंद करायचं बटण मागे शोधा. तबकडीवाल्यांनी सांगितलेल्या डीटी प्रतीला मात्र हे लावायचं नाही, कारण तेच, आवाज पोकळ होतो.

वेगळं मोनो काट्रिज घ्यायचं तर ऑर्टोफॉनचं २एम मोनो किंवा ऑडिओ-टेक्निकाचं मोनो चांगलं. एका एलपीसाठी घेऊ नका, मोनो संग्रह वाढणार असेल तरच. १९६२ ची मोनो एलपी साधारण २५ मायक्रॉनच्या सुईसाठी कोरलेली, पण १८ मायक्रॉनची गोल स्टिरिओ सुई तिला इजा करत नाही. उलट बाजूची काळजी घ्या: पन्नासच्या दशकातलं खरं जुनं मोनो काट्रिज उभी हालचाल करू देत नाही, त्याखाली स्टिरिओ तबकडी घासली जाते.

सुईवरचं वजन काट्रिजच्या कंपनीने सांगितलंय तेवढंच, पण वरच्या टोकाला. २एम रेडसारख्याला १.८ ग्रॅम सांगितलेले असतात, मर्यादा २.० पर्यंत. कमी वजनाने तबकडी वाचते हा गैरसमज आहे. हलकी सुई खाचेत उडते आणि प्रत्येक उडीला भिंत छिलते. एक बरी गोष्ट: ही एलपी जेमतेम पंचवीस मिनिटांची आहे, एका बाजूला साधारण बारा. खाचा लेबलापर्यंत दाटलेल्या नसतात, त्यामुळे शेवटच्या गाण्यांत आवाज फाटण्याचं प्रमाण कमी. तरीही '४०९' फाटत असेल तर बुरशीआधी काट्रिजचं अलाइनमेंट तपासा.

आणि खारी हवा. काट्रिजच्या मागच्या चार पिना आणि त्यावरचे चिमुकले टॅग हिरवट होतात. मोनो तबकडीवर एक चॅनेल गेला तरी गाणं पूर्ण ऐकू येतं, फक्त एका बाजूने, म्हणून हा दोष महिनोन्महिने लपतो. मोनोचं बटण सोडून किंवा वाय वायरी काढून बॅलन्स पूर्ण डावीकडे, मग पूर्ण उजवीकडे करून बघा, दोन्हीकडे सारखंच यायला हवं. नसेल तर अ‍ॅम्प बंद करून टॅग चिमट्याने एकेक काढा, आयसोप्रोपिलने पुसा, परत बसवा. वायर धरून ओढू नका, केसासारखी तुटते.

आरे-वारे (रत्नागिरी)

सगळ्यांचे मनापासून आभार. १०० फेऱ्यांना ३ मिनिटं ३६ सेकंद. प्लॅटरखाली दुसरी पुली नाही. आत टी१-१८०८ आणि त्रिकोण दिसतोय. व्हर्नियरने मोजलं: पुलीचा ३३ चा टप्पा १०.० मिमी, बेल्टची जाडी ०.६ मिमी. म्हणजे १२ मिमीची पुली करून घेऊ? आणि लाइट गेल्यावर इन्व्हर्टरवर चालवलं तर चालेल का?

लेथवाला (कुडाळ)

१२.० नाही, १२.१२.

बेल्ट पुलीवरून जातो तेव्हा वेग ठरवणारा व्यास पुलीच्या पृष्ठभागावरचा नसतो, बेल्टच्या जाडीच्या मध्यावरचा असतो. म्हणून व्यासात बेल्टची पूर्ण जाडी मिळवायची, मग १.२ ने गुणायचं, मग जाडी वजा. १०.६ गुणिले १.२ म्हणजे १२.७२, वजा ०.६ म्हणजे १२.१२. सरळ १२ केलीत तर वेग जवळजवळ १ टक्का कमी राहील, आणि एवढा फरक सूर ओळखणाऱ्या कानाला कळतो. ४५ फेऱ्यांचा टप्पा याच रीतीने काढा.

लेथच्या कारागिराला हे सांगा: पितळ किंवा अ‍ॅल्युमिनियम, भोक मोटरच्या दांड्यावर घट्ट सरकणारं, भोक आणि बाहेरचा व्यास एकाच पकडीत काढायचे. पकड बदलली की केंद्र हलतं. डगमग ०.०२ मिमीच्या आत हवी. बेल्ट बसतो तो भाग मध्ये किंचित फुगीर ठेवा, नाहीतर बेल्ट वर-खाली चढतो. जुन्या पुलीवर तो फुगवटा असेलच, नमुना म्हणून तीच द्या. व्यास मध्यावर मोजायचा. सेट स्क्रू लहान घ्या, मोठ्याने तोल जातो. बसवण्याआधी बघा की मोठी पुली वेग बदलायच्या काट्याला किंवा मोटरच्या टोपणाला घासत नाही. आणि जुना बेल्ट सैल पडला असेल तर आधी नवा घ्या, त्याची जाडी मोजा आणि त्यावर गणित करा. नंतर बेल्ट बदललात तर आकडा थोडा हलतो.

ट्रान्सफॉर्मरबद्दल आणखी एक. १२० व्होल्ट, ६० हर्ट्झच्या मोटरला ५० हर्ट्झवर तेवढंच व्होल्टेज दिलं तर ती जास्त करंट ओढते, तापते आणि गुणगुणते. ते गुणगुणणं बेल्टमधून सुईपर्यंत जातं. व्होल्टेजही त्याच प्रमाणात उतरवायचं, म्हणजे १०० व्होल्ट. जपानी उपकरणांसाठी २३० चे १०० करणारा ट्रान्सफॉर्मर मिळतो, तो लावा. मोटर काही वॅटचीच असते, ५० व्हीएचा भरपूर. मोटरजवळचा कपॅसिटर जुना आहे, तो त्याच किमतीचा आणि पुरेशा एसी व्होल्टेजचा नवा बसवून घ्या. हे काम इलेक्ट्रॉनिक्सवाल्याकडूनच करून घ्या.

इन्व्हर्टर शुद्ध साइन वेव्हचा असेल तर चालेल. स्क्वेअर वेव्हचा असेल तर नको, मोटर खडखडते आणि ट्रान्सफॉर्मर तापतो.

चिरेबंदी (देवगड)

साठवणीचं राहिलं होतं, आगोटीच्या तयारीतच हे उरकून घ्या.

कपाट पश्चिमेच्या किंवा नैर्ऋत्येच्या बाहेरच्या भिंतीला टेकवू नका. चिरा पाणी शोषतो आणि पावसाळाभर आतल्या बाजूने सोडत राहतो. माजघराची आतली भिंत बरी, तिथेही मागे चार बोटं जागा. सगळ्यांत खालचा कप्पा जमिनीपासून वर. एलपी उभ्या, सैलही नकोत आणि कोंबलेल्याही नकोत.

बाहेरचं पाकीट पॉलिप्रॉपिलीनचं घ्या, पीव्हीसीचं नको. पीव्हीसीतला मऊपणा आणणारा पदार्थ तबकडीवर उतरतो आणि धुक्यासारखा कायमचा डाग पडतो. पाकिटाचं तोंड चिकटवून बंद करू नका, आत अडकलेली दमट हवा बाहेर जाणार कुठून? तबकडी कव्हरच्या आत न ठेवता कव्हरच्या मागे, त्याच पाकिटात ठेवा. बुरशी बहुतेक वेळा पुठ्ठ्यातून तबकडीवर येते.

बुरशी साधारण ६५-७० टक्क्यांच्या वर जोर धरते. तुम्हाला ६० च्या खाली राहायचंय. स्वस्त आर्द्रतामापक पाच-दहा टक्के चुकतात, म्हणून आधी तपासा: बाटलीच्या झाकणात मीठ, त्यावर पाण्याचे काही थेंब, चिखल होईल इतकेच. झाकण आणि मापक एका झिप पिशवीत बंद करून रात्रभर ठेवा. सकाळी ७५ दिसायला हवं. ७० दाखवत असेल तर नेहमी पाच मिळवून वाचा.

उघड्या कपाटात सिलिका जेलच्या पुड्या टाकणं म्हणजे पैसे वाया. ती एका दिवसात भरते आणि मग काहीच करत नाही. रबरी गास्केटचा, घट्ट झाकणाचा प्लॅस्टिकचा खोका घ्या, त्यात तीस-चाळीस एलपी उभ्या आणि ५०० ग्रॅम सिलिका जेल कापडी पिशवीत. तेवढं जेल दीडशे ग्रॅमच्या आसपास पाणी धरतं. रंग बदलला की ओव्हनमध्ये ११०-१२० अंशांवर दोन तास, पूर्ण गार झाल्यावरच परत आत. निळ्या जेलमध्ये कोबाल्ट असतं, नारिंगी घ्या. खोका पाऊस सुरू व्हायच्या आधी, कोरड्या दिवशी बंद करा, नाहीतर जेल आधी आतली ओल ओढण्यातच संपतं.

कपाटात बल्ब लावायची जुनी सोय कॅमेऱ्यांना चालते, एलपींना नको. बल्बजवळची तबकडी आधी वाकते. डांबरगोळ्याही नकोत, त्यांची वाफ प्लॅस्टिकला बाधते. संग्रह मोठा असेल तर खोली बंद करून डीह्युमिडिफायर हाच खरा इलाज. त्याचं भांडं जुलैमध्ये रोज रिकामं करावं लागेल, भरलं की यंत्र आपोआप थांबतं आणि कुणाच्या लक्षात येत नाही. नळी काढून न्हाणीत सोडली तर तो प्रश्न मिटतो.

धुतलेली ही एलपी मात्र पहिले तीन-चार आठवडे बाकीच्यांत मिसळू नका. वेगळ्या खोक्यात ठेवा आणि आठवड्याला तिरक्या उजेडात पहिली बाजू बघा. ठिपके पुन्हा आले तर बीजं लेबलाच्या कागदात आहेत असं समजा. लेबलाच्या कडेने जवळजवळ कोरडा अल्कोहोलचा बोळा हलकेच फिरवा आणि ती तबकडी कायम वेगळीच ठेवा.